यूके : भारतात वर्षानुवर्षं गाडी चालवलेल्या माणसाने इन्स्ट्रक्टर कसा निवडावा?

घाटवाट

मंडळी, नमस्कार.

रेडिंगला येऊन नऊएक महिने झाले. त्याआधी पुण्यात चांगली पंधरा वर्षं गाडी चालवली आहे. वरंधा, आंबेनळी, भर पावसातला ताम्हिणी, गणपतीतला लक्ष्मी रस्ता, सगळं करून झालंय. इथेही भारतीय लायसन्सवर एक सेकंडहँड यारिस घेऊन रोज ऑफिसला जातो. पण हे लाड इथले रहिवासी झाल्यापासून बारा महिनेच चालतात, आणि आपलं लायसन्स इथे बदलून मिळत नाही. ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूरवाल्यांना मिळतं, २०२१ पासून यूएईवाल्यांनाही मिळतं. दुबईत परीक्षा दिलेला माझा एक सहकारी नुसता फॉर्म भरून मोकळा झाला. त्याच्याकडे बघून जळफळाट होतो, असो.

प्रोव्हिजनल (इथलं शिकाऊ लायसन्स) आलंय. थिअरी पंधरा दिवसांवर आहे.

अडलंय ते इन्स्ट्रक्टरपाशी. तिघांना फोन केले. पहिल्याने मला एकदाही गाडी चालवताना न बघता तीस तासांचं पॅकेज सांगितलं. तासाला ४० पौंड, म्हणजे १२०० पौंड. वर ऐकवलं की सरासरी माणसाला ४५ तास लागतात, तुम्हाला तीसच सांगतोय. दुसरा म्हणाला, तुम्हाला काय शिकवायचं, टेस्टच्या दिवशी दोन तास आधी या, माझीच गाडी टेस्टला न्या. तिसऱ्याने विचारलं, रेटिंग किती स्टारचं द्याल? (खरंच विचारलं.)

मला क्लच कुठे असतो हे शिकायचं नाहीये. पण इथल्या टेस्टला भारतातले भले भले ड्रायव्हर नापास होतात हेही ऐकून आहे. तर अशा माणसाने इन्स्ट्रक्टर नेमका काय बघून निवडायचा? अनुभव सांगा. "प्रॅक्टिस करा, होईल सगळं" असे आशीर्वाद घरून मिळाले आहेत.

काटकोन

इन्स्ट्रक्टर घेऊच नका.

टेस्ट स्वतःच्या गाडीत देता येते. गाडीचा टॅक्स, एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) आणि टेस्टसाठी चालणारा विमा हवा, पुढे-मागे एल-प्लेट हवी, आणि परीक्षकासाठी एक जादा आरसा आत चिकटवायचा. तो आरसा ऑनलाइन चारपाच पौंडांत मिळतो. टेस्टचे ६२ पौंड, शनिवार-रविवार किंवा संध्याकाळी ७५. यूट्यूबवर मॉक टेस्टचे ढिगाने व्हिडिओ आहेत. हायवे कोड, म्हणजे वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक, फुकट वाचायला मिळतो. तुम्ही वरंधा उतरलेले आहात, तुम्हाला मिनी राउंडअबाउट (छोटा गोल चौक) शिकवायला माणूस कशाला?

मी याच रस्त्याने पास झालो. पाच मायनर चुका.

अबोली

काटकोन, तुमचं झालं याचा आनंद आहे, पण हा सल्ला सरसकट देऊ नका हो. आमच्या मिल्टन कीन्सला आपली किती तरी मंडळी "मला सगळं येतं" म्हणून थेट टेस्टला गेली आणि पुन्हा चार महिन्यांच्या रांगेत उभी राहिली. नापास झालं की दहा कामाचे दिवस तर टेस्ट देताच येत नाही, आणि खरी रड ही की त्यानंतरचा स्लॉट मिळत नाही. घाटवाट यांची बारा महिन्यांची मुदत तोवर उलटलेली असेल. ऑफिसला रोज कसे जाणार?

स्वतःची चूक यूट्यूबवर दिसत नाही हो. व्हिडिओत दुसऱ्याची दिसते.

माझ्या इन्स्ट्रक्टरचं सांगते. त्याने काचेवर एक छोटा आरसा चिकटवला होता. मला वाटलं मागची गाडी बघायला असेल. तसा एक त्याच्या बाजूला होताच, हा मात्र माझ्या चेहऱ्याकडे वळवलेला. गाडी थांबवल्यावर म्हणाला, "तू आरसा बघतेस, पण इंडिकेटर लावून झाल्यावर बघतेस. आधी ठरवतेस, मग बघतेस." इतकी वर्षं गाडी चालवते, घरच्यांनी कधी तक्रार केली नव्हती. डोळे कुठे जातात ते कोण बघणार?

घाटवाट, फोनवर एवढंच विचारा : पहिल्या तासाला तुम्ही काय करता? उत्तरात पॅकेज आलं तर फोन ठेवा.

लेस्टरकर

नमस्कार. मी इथे एडीआय आहे, म्हणजे सरकारमान्य इन्स्ट्रक्टर, धंदाच हा. जाहिरात करत नाही, रेडिंग मला लांब पडतं आणि माझी वही भरलेली आहे. सविस्तर लिहितो, चालवून घ्या.

आधी विंडस्क्रीन बघा. हिरवा अष्टकोनी बिल्ला म्हणजे पूर्ण नोंदणीचा एडीआय. गुलाबी त्रिकोणी म्हणजे शिकाऊ, त्याची शेवटची परीक्षा बाकी असते आणि त्याला सहा महिन्यांचं ट्रेनी लायसन्स मिळालेलं असतं. बिल्ल्यावर फोटो, नाव, मुदत असते. बिल्लाच नसताना कोणी शिकवण्याचे पैसे घेत असेल तर तो गुन्हा आहे. तसले "ओळखीतले काका, तासाला वीस पौंड" आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बरेच फिरतात.

गुलाबी बिल्लेवाला वाईटच असतो असं मी म्हणणार नाही. अगदी नवशिक्याला तो छान शिकवतो, कारण त्याने स्वतः सगळं ताजं ताजं घोकलेलं असतं. पण मुरलेल्या ड्रायव्हरची सवय पकडायला वेगळी नजर लागते आणि ती पुष्कळ माणसं शेजारी बसवल्यावरच येते. शाळेकडून बुकिंग करत असाल तर फोनवरच विचारा, हिरवा येणार की गुलाबी. दोघांचे पैसे सारखेच लावणाऱ्या शाळा आहेत.

आमचीही तपासणी होते. तपासनीस मागे बसून आम्ही कसं शिकवतो ते बघतो. ५१ पैकी ४३ किंवा वर गुण आले तर ए ग्रेड, ३१ ते ४२ बी. बिल्ल्यावर हे छापलेलं नसतं. विचारा. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

"माझे ९५ टक्के विद्यार्थी पास होतात" म्हणणाऱ्यापासून मात्र जरा जपून. देशाची सरासरी पन्नास टक्क्यांच्या आतबाहेर असते. एवढा मोठा आकडा सांगणारा एक तर थापा मारतो, नाही तर कच्च्या विद्यार्थ्यांना टेस्टला पाठवतच नाही.

आता ४५ तासांचं. तो आकडा खरा आहे, टेस्ट घेणाऱ्या सरकारी डीव्हीएसएचाच आहे. ४५ तास इन्स्ट्रक्टरबरोबर आणि वर २२ तास घरच्यांबरोबर. पण तो कोऱ्या पाटीच्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरांचा हिशेब आहे. तुम्हाला तो लावणाऱ्याने एक तर विचार केलेला नाही, नाही तर फार विचारपूर्वक केला आहे.

तुम्हाला हवा असेसमेंट लेसन. दीड किंवा दोन तासांचा मागा, एका तासात काही कळत नाही. पहिला अर्धा-पाऊण तास इन्स्ट्रक्टरने गप्प बसायला हवं. "डावीकडे वळा", "पुढच्या राउंडअबाउटला दुसरी एक्झिट" एवढंच. ब्रेकवर पाय तयार, तोंड बंद. चांगल्या इन्स्ट्रक्टरला हे जमतं. वाईट इन्स्ट्रक्टर दर कोपऱ्यावर सूचना देतो आणि तुम्ही त्या पाळत जाता. शेवटी गाडी त्याने चालवलेली असते.

मग गाडी बाजूला घेऊन त्याने तुम्हाला सांगायला हवं की अमुक रस्त्यावर तुम्ही हे केलंत, टेस्टमध्ये ते मायनर झालं असतं. तमुक ठिकाणी हे केलंत, ते सीरियस. मायनर पंधरापर्यंत चालतात, सोळाव्याला नापास. सीरियस किंवा डेंजरस एकच पुरतो. "एकंदर ठीक आहे, थोडा सराव हवा" असं गुळमुळीत सांगणारा तुमच्या कामाचा नाही.

आपल्या लोकांत मला काय दिसतं तेही लिहितो. इन्स्ट्रक्टरने यातलं काही पकडलंच नाही, तर समजा की तो बघतच नव्हता.

डावा आरसा बघत नाहीत. भारतात तो पुष्कळदा मिटलेलाच असतो. कडेला उभी गाडी निघताना उजव्या खांद्यावरून मागे बघत नाहीत. रिव्हर्स घेताना नजर कॅमेऱ्याच्या पडद्यावर खिळते. कॅमेरा वापरायला मनाई नाही, पण मान चारी बाजूंना फिरली पाहिजे. उतारावर न्यूट्रल, वळणावर क्लच दाबलेला. लेनमध्ये राहण्यापेक्षा मोकळी जागा दिसेल तिकडे नाक घालणं. झेब्राच्या तोंडाशी माणूस उभा असताना "तो थांबेल" असं धरून चालणं. २०२२ पासून तर जंक्शनला तुम्ही ज्या रस्त्यावर वळताय तो ओलांडायला कोणी उभा असेल तरी त्याला आधी जाऊ द्यायचं आहे.

आणि याच्या अगदी उलटी चूक : नको तिथे थांबणं. उजवीकडून कोणी येत नसताना राउंडअबाउटच्या तोंडाशी गाडी पूर्ण उभी करणं. ६० च्या रस्त्यावर ४० ने जाणं (इथे वेग ताशी मैलांत). नवख्या देशात जपून चालवतो म्हणून लोक स्वतःवर खूश असतात आणि परीक्षक त्यालाच फॉल्ट देतो. वेगात चालवण्यापेक्षा असं बिचकत चालवून नापास झालेले आपले लोक मी जास्त पाहिलेत.

हात ओलांडून स्टिअरिंग फिरवलं म्हणून नापास करतात, ही मात्र अफवा. ताबा असला की झालं. या एका गोष्टीवर तुमचे दोन तास खाणारा इन्स्ट्रक्टर बदला.

पोफळी

लेस्टरकर काका, प्रिंट काढून फ्रीजवर लावते.

मी कार्डिफला. इथे वेल्समध्ये २०२३ च्या सप्टेंबरपासून वस्तीतली ३० ची मर्यादा बहुतेक रस्त्यांवर २० झाली. माझा नवरा अठरा वर्षं गाडी चालवतोय, पण स्पीडोमीटरकडे बघण्याची सवयच नाही. भारतात रस्ताच वेग ठरवतो ना! त्याच्या इन्स्ट्रक्टरने पहिल्या लेसनला स्पीडोमीटर सोडून बाकी कशावर बोलायचं नाही असं ठरवलं होतं म्हणे.

माझे दोन प्रश्न. एक, बाई इन्स्ट्रक्टर हवी असेल तर कुठे शोधायची? दोन, ऑटोमॅटिकमध्ये टेस्ट द्यावी का? नवरा म्हणतो मॅन्युअलच दे, नाही तर लोक हसतील.

अबोली

पोफळीताई, हसणाऱ्यांना टेस्टचे ६२ पौंड भरायला सांगा, मग हसा म्हणावं.

ऑटोमॅटिकमध्ये पास झालात तर फक्त ऑटोमॅटिक चालवता येते, एवढाच फरक. घरची गाडी ऑटोमॅटिक असेल, पुढे इलेक्ट्रिक घ्यायचा विचार असेल, तर गिअरची कटकट कशाला? डोकं सगळं आरशांकडे आणि पाट्यांकडे राहतं. भाड्याच्या गाड्या घेऊन युरोप फिरायचं असेल तर मॅन्युअल कामाला येतं. ऑटोमॅटिकवाले इन्स्ट्रक्टर कमी आहेत आणि तासाला थोडे जास्त घेतात, हे धरून चाला.

बाई इन्स्ट्रक्टरसाठी सरकारी साइटवर पिनकोड टाकून यादी बघा. सगळे त्या यादीत नसतात, स्वतःहून नाव दिलेलेच असतात. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर विचारलंत तर लवकर मिळेल. वेटिंग असतंच. नाव लावून ठेवा आणि कोणाचं रद्द झालं तर कळवा म्हणून सांगा.

घाटवाट

लेस्टरकर, साष्टांग. "६० च्या रस्त्यावर ४० ने" वाचून बायको हसत सुटली आहे.

एक शंका. इथे एक गुजराती इन्स्ट्रक्टर आहेत, हिंदीत शिकवतात, आपल्याकडच्या रस्त्यांची त्यांना कल्पना आहे. बरेच जण त्यांच्याकडे जायला सांगतात. आपल्या भाषेत शिकलेलं बरं की इंग्रजीतच?

लेस्टरकर

भाषेवरून निवडू नका, पण टाळूही नका. समजावताना आपली भाषा बरी. अहमदाबाद किंवा पुण्यात गाडी चालवलेल्या माणसाला तुमची सवय कुठून आली हे कळतं, त्याला तुमचा राग येत नाही. पण रस्त्यावरच्या सूचना इंग्रजीतच द्यायला सांगा, आणि त्याही परीक्षक ज्या शब्दांत देतो त्याच शब्दांत. "बाजूला घ्या" ऐकून गाडी थांबवायची सवय झाली आणि टेस्टला "सोयीच्या जागी डावीकडे थांबा" हे इंग्रजीत, तेही जोरदार स्कॉटिश उच्चारात आलं, की डोकं आधी भाषांतर करतं, मग आरसा बघतं.

टेस्टमधला बराच वेळ स्वतंत्र ड्रायव्हिंगचा असतो, बहुतेक वेळा सॅटनॅव्ह (रस्ता सांगणारं यंत्र) लावून. रस्ता चुकलात तरी फॉल्ट नाही, चुकीच्या रस्त्यावर नीट गेलात की पुरे. चुकलं म्हणून ऐनवेळी लेन बदललीत तर मात्र संपलं. हे कोणत्याही भाषेत पाठ करा.

काटकोन

लेस्टरकर, आदर ठेवून विचारतो. इन्स्ट्रक्टरने तुम्हाला कच्चं ठरवण्यात त्याचा फायदाच आहे ना? चुका शोधायच्या म्हटलं तर परीक्षकाच्याही सापडतील. "अजून दोन लेसन घ्या" याला अंत नाही. माझ्या मित्राला एका इन्स्ट्रक्टरने टेस्टची तारीख तीनदा पुढे ढकलायला लावली. प्रत्येक वेळी महिन्याला चार लेसन चालूच.

लेस्टरकर

प्रश्न रास्त आहे. असे लोक आमच्यात आहेत.

ओळखायची खूण सांगतो. पहिल्या असेसमेंटची यादी तुम्ही लिहून घ्या. पुढच्या लेसनला ती समोर ठेवा आणि विचारा, यातलं काय सुटलं? यादी लहान होत गेली पाहिजे. दर वेळी नवीनच चुका निघत असतील आणि जुन्यांबद्दल कोणी बोलतच नसेल, तर तुमचं म्हणणं बरोबर, तो मीटर चालवतोय.

तारीख पुढे ढकलायची वेळ आलीच तर टेस्टच्या दहा पूर्ण कामाच्या दिवसांआधी ढकला, नाही तर फी बुडते. आधी तीन दिवस होते, २०२५ च्या एप्रिलपासून दहा झाले.

आणि पॅकेजचे पैसे आगाऊ देऊच नका. एकेक लेसन घ्या. दहा तासांना दोनतीन पौंड सूट मिळते म्हणून लोक भुलतात, मग माणूस आवडला नाही तरी पैसे अडकलेत म्हणून जात राहतात.

ऱ्हाईनकाठ

थोडं अवांतर, पण जर्मनीतल्या मंडळींना उपयोगी पडेल.

इथे भारतीय लायसन्स रहिवासी झाल्यावर सहा महिनेच चालतं. मग थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावं लागतं. सुटका एवढीच की तुमच्याकडे आधीचं लायसन्स असल्याने सक्तीचे तास पूर्ण करावे लागत नाहीत. पण काटकोन यांचा स्वतःच्या गाडीचा मार्ग इथे बंद. टेस्ट ड्रायव्हिंग स्कूलमार्फतच द्यायची, शेजारी इन्स्ट्रक्टर बसतो आणि परीक्षक मागच्या सीटवर. त्यामुळे इन्स्ट्रक्टरचं मत पटो न पटो, तो "तयार आहे" म्हणेपर्यंत तारीख नाही. म्हणून स्कूल निवडतानाच मी विचारलं होतं की भारतीय लायसन्सवाले आधी कोणी आलेत का. एका ठिकाणी बाईंनी सरळ सक्तीच्या तासांचा तक्ता पुढे केला, त्यांना नियमच माहीत नव्हता. तिथून निघालो.

थिअरी इंग्रजीत देता येते, प्रॅक्टिकलच्या सूचना जर्मनमध्ये. आणि वस्तीतल्या बिनपाटीच्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, रस्ता कितीही किरकोळ दिसो. हे अंगात भिनायला मला टेस्टपेक्षा जास्त वेळ लागला.

यूकेवाल्यांचं एक बरं, बाजू तरी तीच आहे.

लेस्टरकर

बाजू तीच आहे म्हणूनच तर फसतात! उजव्या बाजूच्या देशात माणूस पहिल्या दिवसापासून सावध असतो. इथे सगळं ओळखीचं वाटतं आणि हात-पाय पुण्यातल्यासारखे चालू राहतात.

घाटवाट

अपडेट. दोन असेसमेंट घेतली, दोन वेगवेगळ्या लोकांकडे. खर्च झाला, पण तीस तासांच्या पॅकेजपुढे तो काहीच नाही.

पहिले गृहस्थ हिरव्या बिल्ल्याचे, वीस वर्षं जुने. दोन तासांतला निम्मा वेळ गाडी उभीच. फोल्डर उघडून राउंडअबाउटची चित्रं दाखवली, सीट कशी लावायची सांगितलं, क्लचचा बायटिंग पॉइंट शोधायला लावला. मी दोनदा सांगून पाहिलं की गाडी रोज चालवतो. "माझी एक पद्धत आहे," म्हणाले. असेल. नवशिक्याला ते देवमाणूस वाटतील.

दुसऱ्या बाई पन्नाशीच्या. मी बसल्यावर लायसन्स बघितलं, मागच्या गाडीची नंबरप्लेट वाचायला लावली (टेस्टलाही वीस मीटरवरून वाचायला लावतात) आणि म्हणाल्या, मला स्टेशनकडून फिरवून परत आणा, धोका दिसल्याशिवाय मी बोलणार नाही. खरंच बोलल्या नाहीत. पाऊण तास नुसते डावे-उजवे.

एका गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधून एकच गाडी जाईल एवढी वाट. समोरून एक व्हॅन आली, तिने दिवे मारले. मी थांबलो. तीही थांबलेली. पुन्हा दिवे. मी अजून डावीकडे दबून उभा. शेवटी व्हॅनवाल्याने हात हलवला, तेव्हा मी निघालो. बाईंनी तिथे काहीच म्हटलं नाही. पुढे गाडी बाजूला घेतल्यावर विचारलं, "तू का थांबलास?" मी म्हटलं, त्याने दिवे मारले ना, म्हणजे तो येतोय. त्या काही क्षण माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांना इतकं हसू आलं की चष्मा काढावा लागला. इथे दिवे मारणारा बहुतेक वेळा "तू ये" म्हणत असतो! पुढे हेही सांगितलं की हायवे कोडात त्याचा अर्थ फक्त "मी इथे आहे" एवढाच आहे, म्हणून दिव्यांवर विसंबून निघू नकोस, समोरची गाडी खरंच थांबली आहे का ते बघ आणि मग निघ.

मग कागदावर यादी. लावलेल्या गाड्यांच्या फार जवळून जातोस, दार उघडलं तर संपलं : सीरियस. मिनी राउंडअबाउटला उजवीकडे मोकळं असताना थांबलास : एकदा मायनर, पण तीनदा थांबलास, परीक्षकाने त्याचा सीरियस केला असता. डावा आरसा : मायनरांची रांग. लेस्टरकरांनी या बाईंना आधीच फोन केला होता की काय असं वाटलं.

पॅकेज काढलं नाही. म्हणाल्या, आता दोन तास याच तीन गोष्टींवर करू, मग महिना-दीड महिना तू तुझ्या गाडीत रोज ऑफिसला जाताना हेच घोटव, टेस्टच्या आधीच्या आठवड्यात एक पूर्ण मॉक घेऊ. पास होशील का विचारलं तर उत्तर द्यायला तयार नाहीत. तासाला ४२ पौंड, ४८ तास आधी कळवलं नाही तर पैसे बुडाले. गाडी टेस्टला मिळेल का तेही आधीच विचारून घेतलं आणि टेस्टचं बुकिंग करताना त्यांचा इन्स्ट्रक्टर नंबर टाकेन. त्याने त्यांची वेळ दुसऱ्या विद्यार्थ्याच्या टेस्टशी आदळत नाही.

यारिस घेऊन टेस्टला जायचा विचार सोडला. काटकोन, रागावू नका.

काटकोन

रागावत नाही. चार तास आणि एक मॉक, हे मलाही पटतं. माझा विरोध तीस तासांना होता.

अबोली

बाई आवडल्या. सोडू नका.

थिअरीबद्दल एक. पन्नासपैकी त्रेचाळीस प्रश्न वाचून जमतात. हॅझर्ड परसेप्शनच्या (धोका ओळखण्याच्या) चौदा व्हिडिओ क्लिपांमध्ये मात्र अनुभवी ड्रायव्हर फसतो, कारण त्याला धोका फार लवकर दिसतो. गुण द्यायची खिडकी उघडायच्या आधीच क्लिक करून बसतो आणि शून्य. पहिलं क्लिक करा, धोका वाढताना दिसला की दुसरं करा. आणि सारखं टकटक करत राहिलात तर त्या क्लिपला शून्य मिळतं. ७५ पैकी ४४ लागतात.

सोनचाफा

छान धागा. माझी बारा महिन्यांची मुदत गेल्याच महिन्यात संपली. मध्ये तीन आठवडे भारतात जाऊन आले, तर मैत्रीण म्हणते मुदत पुन्हा नव्याने सुरू होते. खरं का?

लेस्टरकर

नाही हो. सुट्टीला जाऊन आल्याने काही नव्याने सुरू होत नाही, इथे राहायला आल्यापासूनच मोजायचं. आता तुम्ही शिकाऊ. प्रोव्हिजनल, एल-प्लेट, आणि शेजारी २१ च्या वरचा, तीन वर्षं पूर्ण लायसन्स असलेला माणूस. विमा कंपनीलाही कळवा. एकटीने गाडी काढू नका, काही झालं तर कंपनी हात वर करू शकते.

आणि इन्स्ट्रक्टर आत्ताच शोधा. टेस्टच्या आठवड्यात चांगल्यांची वही भरलेली असते.

पोफळी

घाटवाट, त्या बाई कार्डिफला येतील का?

घाटवाट

नाही येणार. पण त्यांची एक मैत्रीण ब्रिस्टलला शिकवते म्हणाल्या, तिला तुमच्या बाजूची कोणी माहीत आहे का विचारतो. व्यक्तिगत निरोप करतो.